तीन मुक्काम की तीन दिवस

युनूस,

तू गेल्याला आज अठरा दिवस झाले. की सतरा? तू गेलास तो दिवस धरला तर अठरा, नाही धरला तर सतरा. सकाळपासून तीन वेळा बोटांवर मोजून झालं आणि तिन्ही वेळा त्याच जागी अडकलो. तू असतास तर हसला असतास, कारण आपलं वर्षभराचं भांडण याच जागी अडकून राहिलेलं आहे. पहिला दिवस धरायचा की नाही, एवढ्याशा गोष्टीवरून आपण दोघं म्हातारे नर्मदेच्या पाण्यात एकमेकांशी बोलेनासे झालो होतो.

काल तुझी होडी खाली उतरवली. गॅरेज आता दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरतंय, म्हणून रझिया भाभींनी बोलावून घेतलं होतं. छताच्या कैचीला तू तिला उलटी टांगून ठेवली होतीस. खाली दोन रिक्षांचे सांगाडे, भिंतीला हूडच्या रेक्झिनचे तुकडे, आणि वर ती. दोरी मी वीत-वीत सोडत होतो. होडी पडेल याची भीती होती, आणि ती पडली तर तू काय म्हणशील याची त्याहून जास्त. अजूनही मला तुझ्या बोलण्याची भीती वाटते हे लक्षात आलं आणि मी तिथेच टायरवर बसलो.

मी घाबरट माणूस आहे. तीस वर्षं डेपोत टाइमकीपर होतो. गाडी कधी सुटली, कधी आली, याची नोंद करत जन्म गेला. सुटलेल्या गाडीची मला कधी काळजी वाटली नाही, न आलेल्या गाडीने मात्र जेवण गोड लागू दिलं नाही. तू म्हणायचास, "भटू, तू डेपोना मानूस. गाडी सुटस तवयच तुले परत येवानी घाई." खरं होतं. तुझ्याशी पन्नास वर्षं दोस्ती केली, पण तू दिसेनासा झालास की परत कधी येणार, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात असायचा.

तू त्याच्या उलटा. घोडेबाजारातल्या दलालाचा मुलगा. तुझे अब्बा सारंगखेड्याच्या बाजारात रुमालाखाली सौदे जुळवायचे. आपण शाळेतून पळून जायचो आणि तू मला ते दाखवायचास. दोन माणसं हातावर रुमाल टाकतात, आत एक दुसऱ्याची बोटं धरतो. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. नाही पटलं की बोट झटकायचं, पटलं की मनगट दाबायचं. वर चेहऱ्यावर काहीच दिसता कामा नये. आकडा कशाचा आहे हे बोलायचं नाही, कारण घोडा समोर उभा असतो आणि दोघांनाही ते माहीत असतं. तुला अब्बांचा धंदा नको होता, रिक्षाच्या बॉड्या बांधायच्या होत्या. पण ती बोटांची बोली तू सोडली नाहीस. चहा कोण पाजणार, सिनेमाला कुठल्या खेळाला जायचं, माझ्या मुलीच्या लग्नात तू किती दिवस आधी येऊन राहायचं, सगळं आपण रुमालाखाली ठरवलं. बायका चिडायच्या. दोघं गुपचूप बसलेत आणि मध्येच एकाने हात झटकला, यात काय गंमत आहे हे त्यांना कधी कळलं नाही.

मग तुझ्या किडन्या थकल्या. सोमवारी आणि गुरुवारी चार-चार तास मशीनवर. दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि वरणाचं पाणीसुद्धा धरायचं. केळं बंद, नारळपाणी बंद, मीठ नावालाच. पत्रा ठोकायची ताकद राहिली नाही म्हणून तू फायबरच्या कामाला लागलास, आणि एक दिवस फोनवर कुठल्याशा परदेशी तळ्यात होडीत बसून हिंडणारी, काठावर तंबू टाकून राहणारी माणसं पाहिलीस. त्या निमुळत्या होडीला कॅनू म्हणतात, असं तू मला सांगितलंस. मी म्हणालो, कानू तर माझ्या आतेभावाचं नाव आहे. झालं, तेव्हापासून ती होडी कानूच.

आठ महिने लावलेस. मशीनच्या दुसऱ्या दिवशी अंगात थोडा जोर असायचा, त्या दिवशी एक थर चढवायचास. गल्लीतले विचारायचे की नंदुरबारात पाणी कुठे आहे. तू सांगायचास, पाणी खूप आहे, नळाला येत नाही एवढंच. रंग देऊन झाल्यावर सवयीने मागच्या बाजूला रिक्षावर लिहितात तसं रंगवलंस, 'आसन क्षमता २'. मी म्हटलं, आरटीओवाला येणार आहे का पाण्यात? तू ब्रश खाली ठेवलास आणि म्हणालास, "तिसरा कोनी बसाले नको, म्हनीसन लिखं." तेव्हा मी हसलो होतो.

आता ठरवायचं एवढंच होतं की किती दिवस जायचं.

तू पहिल्याच दिवशी रुमालाखाली माझा पंजा धरलास. पाच. मी हात असा काही झटकला की चहाचा ग्लास पडला. पाच म्हणजे एक सोमवार बुडणार. मी तुझं एक बोट धरलं. तू तोंड फिरवलंस. दसरा गेला, दिवाळी गेली, आपण पाच आणि एकवरच. मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, गुरुवारचं झाल्यावर शुक्रवारी निघा, सोमवारी सकाळी मशीनवर हजर पाहिजेत, चुकलं तर छातीत पाणी भरेल. हे मी तुला अक्षरन् अक्षर सांगितलं. तू म्हणालास, "माले पानी पेवाले नही, हाई समजनं. पन पानीवर ऱ्हावाले काय हरकत शे?"

मी तुला कॅलेंडरवरचा सोमवार दाखवला.

रझिया भाभींनी मला दारात थांबवून सांगितलं, "भटूभाई, गिनके ले जाना, गिनके लाना." त्या कधी जास्त बोलत नाहीत. तेवढं बोलून आत गेल्या आणि मला तीन रात्री झोप लागली नाही. न्यायला मी तयार होतो. आणण्याचं ओझं माझ्या एकट्याच्या डोक्यावर आलं होतं.

सौदा शेवटी मशीनच्या खोलीत झाला. तुझ्या डाव्या हातात सुया, उजवा मोकळा. रुमालाऐवजी दवाखान्याची चादर. तू चार बोटं धरलीस, मी दोन धरली. मग तू माझी तीन बोटं धरलीस, हळूच, विचारल्यासारखी. मी मनात मोजलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन. रविवारी संध्याकाळी घरी, सोमवारी सकाळी मशीन. मी तुझं मनगट दाबलं. तू मान मागे टाकून हसलास, नर्सबाई विचारायला आल्या की काका, बरं वाटतंय ना. इतका खूश मी तुला आजारपणात कधी पाहिला नव्हता. आज वाटतं, एवढ्यानेच मला शंका यायला हवी होती.

आपण निघालो तेव्हा गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या, शेतंच्या शेतं लाल. पिकअपच्या टपावर कानू उलटी बांधलेली आणि तू खिडकीतून हात बाहेर काढून तिला धरून बसलेला, जणू दोरीपेक्षा तुझा हात भक्कम. तळोदा, अक्कलकुवा, मग घाट. मोलगीला मी गाडी थांबवून भाभींना फोन लावला, कारण पुढे रेंज नव्हती. "परवा संध्याकाळी," मी म्हणालो. तू शेजारीच होतास. डोंगराकडे बघत राहिलास.

खाली नर्मदेचा फुगवटा. धरणाचं पाणी डोंगरांच्या कुशीत शिरलेलं, बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे वर आलेले. सायसिंगचा पाडा काठावर. आपल्याला काठ दाखवायला आणि लागलं तर मोठ्या होडीने ओढून आणायला म्हणून मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, हे तुला आवडलं नव्हतं. सायसिंगने कानूला हात लावून पाहिला, टिचकी मारली आणि म्हणाला, "हलकी डुंगी आहे. किती दिवस?"

मी म्हणालो, "तीन." तूही म्हणालास, "तीन." दोघं एकदमच बोललो, म्हणून आणखी कुणी काही विचारलं नाही.

युनूस, ते दोन दिवस मी कसे घालवले हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या पाण्याच्या बाटलीवर मी पेनाने रेघा मारल्या होत्या. तू वल्हं मारायचास आणि मी मागे बसून तुझे खांदे बघायचो, श्वास किती वेगाने चाललाय ते. तू झोपलास की तुझ्या पायावर अंगठा दाबून बघायचो, सुजेचा खळगा पडतो का. डोंगर कसे होते कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी तुझे घोटे पाहिले. पाण्यावर एक पांढरा पक्षी बराच वेळ आपल्यासोबत येत होता, असं तू नंतर सगळ्यांना सांगायचास. मला तो पक्षी आठवत नाही.

पण शनिवार दुपारचं एक आठवतं. हूडच्या रेक्झिनचा तो तुझा तंबू तापून भट्टी झाला होता, म्हणून आपण कानू सावलीत घेतली. तू आत आडवा झालास, दोन्ही हात दोन्हीकडून पाण्यात सोडलेस. सायसिंगच्या घरून भाकरी आणि भाजलेला मासा आला होता, तू मीठ झटकून झटकून खाल्लास. मग म्हणालास, "भटू, आठे माले तहानच लागत नही. घरमा दिनभर ग्लासकडे देखस, आठे इतलं पानी शे तर मन भरी जास." आणि डोळे मिटलेस. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या तोंडावर आजार नव्हता. मला आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली की हा माणूस आता परत यायचा नाही.

रविवारी अकराला मी तंबूचे खुंटे उपटायला लागलो. तू दगडावर बसून होतास.

"काय करी ऱ्हायना?" तू विचारलंस.

"आवरस. चारले पाड्यावर पोचाले पाहिजे."

"आज कसाले? तीनना सौदा शे."

"तीनच व्हयनात. शुक्कर, शनवार, आईतवार."

"ते दिन," तू शांतपणे म्हणालास. "मी मुक्काम धरात. मुक्काम दोनच व्हयनात. आज तिसरा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा हातातला खुंटा खाली टाकला. चादरीखाली आपण बोटं धरली होती, पण ती बोटं कशाची हे कुणी बोललंच नव्हतं. बाजारात समोर घोडा असतो. आपल्यासमोर काय होतं? मी डेपोचा माणूस, निघालेला दिवस धरून मोजणारा. तू रात्री मोजल्या होत्यास. आयुष्यभर रुमालाखाली सौदे करणाऱ्या दोन माणसांनी करावी अशीच ही चूक होती. दुसऱ्या कुणी केली नसती, त्यांनी तोंडाने बोलून ठरवलं असतं.

"मुक्काम म्हने," मी ओरडलो. "मुक्कामी गाडीसुद्धा सकाळी डेपोत येते. उद्या सोमवार आहे युनूस."

"सकाये निघसूत. दहा-अकराले पोची जासूत."

"घाट आहे. टायर फुटला तर? मशीनचा नंबर गेला तर? छातीत पाणी भरलं तर इथे तुला काय मी वल्ह्याने वारा घालू?"

"घोडाना सौदा करतस तवय पाय मोजतस का रे?" तू म्हणालास. "एक रातले तू इतला घाबरस?"

घाबरतो, असं सरळ सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की युनूस, तू मेलास तर माझ्याजवळ कुणी उरत नाही, म्हणून घाबरतो. ते न म्हणता मी म्हणालो की मला भाभींना तोंड दाखवायचं आहे. माझी भीती भाभींच्या नावावर ढकलली. तू उठलास आणि कानूत मागे, माझ्या जागेवर, जाऊन बसलास. उलटा, माझ्याकडे पाठ करून, मागच्या काठाकडे तोंड. वल्ह्याला हात लावला नाहीस. मी एकट्याने ओढत आणलं, दोन तास, हाताला फोड आले. तू पूर्ण वेळ सोडून आलेल्या त्या काठाकडे बघत होतास.

पाड्यावर सायसिंगने आपल्याला उतरताना पाहिलं. माझा चेहरा लाल, धापा टाकतोय, तू गप्प आणि ताठ. तो म्हणाला, "कोणी आजारी आहे का?" मी हो म्हणालो. त्याने आपल्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "कोण?"

दुसरा कुठला दिवस असता तर आपण त्यावर महिनाभर हसलो असतो. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. सोमवारी सकाळी नऊला तू मशीनवर होतास, मी खोलीच्या बाहेर बाकावर. मशीनवाला मुलगा बाहेर येऊन म्हणाला, काका, बरं झालं वेळेवर आणलंत, अंगात बरंच पाणी साठलं होतं. मी ते वाक्य तुला सांगायला धावतच आत आलो. तू म्हणालास, "तू मन्हा एक मुक्काम खाई टाका," आणि भिंतीकडे तोंड केलंस.

आठ दिवस तू बोलला नाहीस. नवव्या दिवशी चहाला आलास आणि रुमाल काढलास, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण ती गोष्ट संपली नाही. वर्षभर कुठलाही विषय निघाला की तू कुणालाही सांगायचास, हा भटू, याला तीनपर्यंत मोजता येत नाही. मी म्हणायचो, मोजता येतं म्हणून तू जिवंत आहेस. किती सहज बोलून जायचो मी हे.

खरं सांगू? मला वर्षभर खात्री नव्हती. त्या एका रात्रीने तुला काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. सकाळी निघून अकराला पोचलो असतो, तू मशीनवर गेला असतास, आणि तो आनंद तुझ्या चेहऱ्यावर आणखी एक दिवस राहिला असता. माझ्याकडून काय वाचलं आणि काय वाया गेलं, हे मला अजून कळत नाही. या दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरत होतं. या वेळी तू आधीच बजावलं होतंस, "बोट धराना आगोदर सांगी दे, दिन का मुक्काम." मी म्हणालो होतो, बघू.

मग नवरात्रात तुला दम लागायला लागला. मशीन आठवड्यातून तीनदा झालं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला आणि तुझं बोलणं बंद झालं. त्या दुपारी मी आलो तेव्हा भाभी औषधं आणायला गेल्या होत्या. मी स्टूल ओढून बसलो. चादरीखाली तुझा हात हलला. तू माझं एक बोट धरलंस.

एक.

युनूस, त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते तुला आज सांगतो. मला वाटलं तू विचारतोयस, मला किती दिवस आहेत, एकच का? मी घाईघाईने तुझा पूर्ण पंजा धरला. पाच. आधी पाच म्हटल्यावर चहा सांडणारा मी, आता मीच पाच मागत होतो. तू हात झटकलास. ताकद नव्हती, पण झटकलास. पुन्हा माझं एक बोट धरलंस आणि माझ्याकडे बघत राहिलास. चेहऱ्यावर काही नाही, अब्बांनी शिकवल्यासारखं. मला रडू येत होतं आणि तू थांबला होतास. मग मी तुझं मनगट दाबलं. सौदा केला. कशाचा केला ते मी तेव्हाही विचारलं नाही. वर्षभर जी चूक तू मला ऐकवत होतास, तीच मी तुझ्या उशाशी बसून परत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. बरोबर एक दिवस.

तेव्हापासून मला एकच वाटतंय, की मी तुझ्या जाण्यावर मनगट दाबलं. तू एक दिवस मागितलास आणि मी बरं म्हणालो. कब्रस्तानात तीन मुठी माती द्यायची असते, हे तुझ्या अब्बांच्या वेळी तूच मला शिकवलं होतंस. पहिली दिली, दुसरी दिली. तिसरी मूठ काही उघडेना. तीन म्हणजे तीन, आता पुढे काही नाही. तुझ्या धाकट्या भावाने माझा हात धरून ती सोडवली.

काल गॅरेजमध्ये कानू खाली आली तेव्हा भाभी दाराशी उभ्या होत्या. मी टायरवर बसून रडत होतो, लाज वाटायचं वय राहिलेलं नाही. मी त्यांना सांगून टाकलं. नर्मदेवरचं भांडण, मी त्यांचं नाव पुढे केलं तेही, आणि ते शेवटचं बोट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की निघायच्या आदल्या दिवशीच तू त्यांना सांगून ठेवलं होतंस, इतवार शामको खिचडी बनाना, मी घरी जेवणार आहे. त्यांनी विचारलं होतं, पक्कं का? तेव्हा तू म्हणालास, भटू मला सोमवार चुकवू देणार नाही, म्हणून तर त्याला घेऊन जातोय.

म्हणजे तुला माहीत होतं. दलालाचा मुलगा आकडा कशाचा आहे हे विसरत नसतो. तरी तिथे दगडावर बसून तू तिसरा मुक्काम मागितलास. का, ते आता मला थोडं कळतं. मागून बघायला काय हरकत होती? ओढून आणायला मी होतोच.

मी भाभींना विचारलं, मग ते एक बोट कशाचं असेल? त्या कानूवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेरा भी पकड़ा था, उसी शामको. मुझे लगा पानी मांग रहे हैं."

"मग?"

"दे दिया. चमचेसे. जितना मांगा उतना." कानूवरचा हात काढून म्हणाल्या, "गिना नहीं."

इतकी वर्षं तुझा घोट घोट मोजणाऱ्या त्या बाईने हे सांगितलं, आणि मी तोंड खाली घातलं. एक म्हणजे पाणी असेल. एक म्हणजे एक दिवस असेल. तू नुसतंच माझं बोट धरलं असशील, लहानपणी बाजाराच्या गर्दीत धरायचास तसं, आणि मी त्यात आकडा शोधत बसलो असेन. मला कळायचा मार्ग नाही, आणि ही काळजी माझ्यासोबत राहणार आहे.

पण सौदा केलाय, तर पाळायला हवा. मी सायसिंगला निरोप पाठवला आहे. कानू परवा, शुक्रवारी, पिकअपवर चढेल. पाणी भरलेलं आहे, तो काठ अजून बुडालेला असेल तर वरच्या अंगाला तंबू टाकू. सायसिंग शेजारीच झोपेल, मी एकटा राहण्याइतका शूर नाही हे तुला माहीत आहे. भाभींनी विचारलं, कितने दिन? रुमाल नव्हता. मी तोंडाने बोललो, आणि तुलाही आता तोंडानेच सांगतो, म्हणजे नंतर भांडण नको.

एक, युनूस. दिवस नव्हे, मुक्काम.